ग्रह घडवणाऱ्या चकत्यांतील धूळ: तिचे घटक आपल्याला नेमके किती कळतात?

कुतूहल_कायम (धागालेखक)

तरुण ताऱ्यांभोवती वायू आणि धूळ यांच्या ज्या चकत्या असतात, त्यांतच पुढे ग्रह घडतात, हे आता निरीक्षणांनी पक्के झाले आहे. माझा प्रश्न त्या धुळीच्या घटकांविषयी आहे. "अमुक ताऱ्याच्या चकतीत फोर्स्टराइट सापडले", "तमुक चकतीतील धुळीचा इतका टक्के भाग स्फटिकी आहे" अशी विधाने शोधनिबंधांच्या सारांशांत आणि बातम्यांत वारंवार येतात, आणि पृथ्वीसारखे ग्रह घडवण्याचा कच्चा माल तेथे तयार आहे असे एखादे वाक्य त्यांच्या पाठोपाठ बहुधा असतेच.

माझ्या तीन शंका आहेत. शेकडो प्रकाशवर्षांवरून आलेल्या प्रकाशावरून खनिजाचे नाव सांगता येते ते कशाच्या आधारावर, ही पहिली. जे टक्के दिले जातात ते सगळ्या धुळीचे असतात की फक्त दिसणाऱ्या धुळीचे, ही दुसरी. आणि त्या टक्क्यांवरून तेथे उद्या घडणाऱ्या ग्रहाच्या घटकांविषयी काही बोलता येते का, ही तिसरी. पहिलीचे उत्तर भक्कम असावे, दुसरीचे डळमळीत असावे आणि तिसरीच्या बाबतीत बातम्या फार घाई करतात, असे माझे मत आहे. कोणी ते खोडून काढले तरी हरकत नाही. फक्त कारणे द्यावीत.

वर्णपट

पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो. सिलिकेट खनिजांत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध ताणले जातात तेव्हा साधारण १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास अवरक्त प्रकाश शोषला किंवा उत्सर्जित केला जातो, आणि ऑक्सिजन-सिलिकॉन-ऑक्सिजन हा कोन वाकतो तेव्हा १८ ते २० मायक्रॉनच्या आसपास. आंतरतारकीय अवकाशातील धूळ जवळजवळ पूर्णपणे अस्फटिकी असते. तिच्यातील स्फटिकी सिलिकेटांचा वाटा दोन टक्क्यांहून कमी आहे. तिच्यात अणूंची मांडणी विस्कळीत असल्यामुळे प्रत्येक बंधाची परिस्थिती थोडी वेगळी असते आणि वर्णपटात ९.७ मायक्रॉनजवळ एकच रुंद, गुळगुळीत उंचवटा दिसतो. स्फटिकात मांडणी नियमित असते, म्हणून तोच उंचवटा अनेक अरुंद शिखरांत विभागला जातो. मॅग्नेशियमयुक्त ऑलिव्हीन म्हणजे फोर्स्टराइट. त्याची शिखरे ११.३, २३.५, ३३.५ आणि ६९ मायक्रॉनच्या आसपास येतात. एन्स्टॅटाइट हे मॅग्नेशियमचे दुसरे सिलिकेट ९.३ मायक्रॉनजवळ ओळखू येते, तर शुद्ध सिलिका ९, १२.५ आणि २१ मायक्रॉनच्या आसपास.

ही शिखरे प्रयोगशाळेत मोजलेल्या नमुन्यांशी जुळवली जातात. एका शिखरावर कोणी विसंबत नाही, कारण ११.३ मायक्रॉनला बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन या कार्बनी रेणूंचेही शिखर येते आणि गफलत सहज होऊ शकते. मात्र त्याच वर्णपटात २३.५ आणि ३३.५ मायक्रॉनची शिखरेही योग्य प्रमाणात असतील, तर फोर्स्टराइटविषयी वाजवी शंका उरत नाही. त्यामुळे "खनिज आहे" हे विधान भक्कम आहे, या तुमच्या मताशी मी सहमत आहे.

प्रयोगशाळेतील नमुन्याविषयी एक पुस्ती जोडतो, कारण तिचा उल्लेख क्वचितच होतो. पूर्वापार पद्धतीत खनिजाची भुकटी पोटॅशियम ब्रोमाइडच्या वडीत दाबून तिच्यातून प्रकाश सोडला जातो. त्या माध्यमामुळे शिखरांची जागा किंचित सरकते. कण हवेत तरंगत ठेवून मोजमाप केल्यास शिखरे वेगळ्या जागी येतात, आणि कण टोकदार आहे की गोलसर, यानेही फरक पडतो. म्हणून खनिजाच्या नावापेक्षा त्याच्या टक्क्यांना जास्त जपून हाताळावे लागते.

तिरकस

म्हणजे दगडाची जात तो तापल्यावरच कळते; माणसांच्या बाबतीतही अनुभव फारसा वेगळा नाही.

गारगोटी

माझा विषय भूशास्त्र आहे, त्यामुळे वर्णपट यांना एक प्रश्न. आमच्याकडे ऑलिव्हीन म्हटले की पुढचा प्रश्न लगेच येतो: त्यात मॅग्नेशियम किती आणि लोह किती? फोर्स्टराइट (सारे मॅग्नेशियम) आणि फायालाइट (सारे लोह) ही एकाच मालिकेची दोन टोके आहेत. तुम्ही सरळ फोर्स्टराइट म्हणता. मग सारे लोह गेले कोठे? विश्वात लोह काही दुर्मीळ नाही. सौर प्रमाणात लोह, मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांच्या अणूंची संख्या साधारण सारखीच आहे.

वर्णपट

@गारगोटी, प्रश्न अगदी वर्मावर आहे. ऑलिव्हीनमध्ये लोह वाढले की शिखरे लांब तरंगलांबीकडे सरकतात, आणि हा सरकाव ६९ मायक्रॉनच्या शिखरात सर्वांत स्पष्ट दिसतो. तेच शिखर तापमानानुसारही सरकते आणि रुंदावते, म्हणून त्याची जागा आणि रुंदी दोन्ही मोजल्या की लोह आणि तापमान वेगवेगळे काढता येतात. हर्शेल दुर्बिणीने बीटा पिक्टोरिस या ताऱ्याभोवती हे शिखर मोजले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आला की तेथील ऑलिव्हीनमध्ये लोहाचे प्रमाण जेमतेम एक टक्का आहे. एचडी १००५४६ या तरुण ताऱ्याच्या चकतीतही ते फार तर दोन-तीन टक्केच निघाले.

लोह मग इतरत्र असले पाहिजे. ते धातुरूपात असेल, गंधकाशी जोडलेले असेल किंवा अस्फटिकी सिलिकेटांत असेल. यांतील धातुरूप लोहाला मध्य-अवरक्त पट्ट्यात स्वतःचे असे शिखरच नाही. अस्फटिकी कार्बनचेही तसेच आहे. हे पदार्थ वर्णपटात फक्त सपाट पार्श्वभूमी वाढवतात, आणि तशी पार्श्वभूमी मोठ्या कणांमुळेही वाढते. थोडक्यात, लोह आणि कार्बन हे दोन अत्यंत महत्त्वाचे घटक या पद्धतीने जवळजवळ दिसतच नाहीत.

गारगोटी

उत्तर पटले. मॅग्नेशियमकडे असा कल असणे भूशास्त्राच्या दृष्टीने नवलाचे नाही. उष्ण वायू थंड होताना आधी मॅग्नेशियमयुक्त सिलिकेट आणि धातुरूप लोह साधारण एकाच तापमानाला, वेगवेगळे घनरूप घेतात. लोह सिलिकेटात शिरायला नंतर ऑक्सिजनयुक्त परिस्थिती लागते.

दशांश

आतापर्यंतची चर्चा सुरेख आहे, पण धागालेखकांच्या दुसऱ्या शंकेला कोणी हात लावलेला नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तेथेच आहे.

दहा मायक्रॉनचे शिखर फक्त काही मायक्रॉनपर्यंतच्या कणांतून येते. कण त्याहून मोठा झाला की शिखर सपाट होत जाते आणि शेवटी नाहीसे होते. शिवाय हा प्रकाश चकतीच्या वरच्या, तापलेल्या थरातून येतो. मध्यप्रतल, म्हणजे चकतीच्या जाडीचा मधला थर, त्या तरंगलांबीला पूर्णपणे अपारदर्शक असते. सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाबतीत तो मुख्यतः आतील एखाद-दुसऱ्या खगोलीय एककाच्या (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) प्रदेशातून येतो. याउलट धुळीचे बहुतांश वस्तुमान मिलिमीटर आणि सेंटिमीटर आकाराच्या कणांत, मध्यप्रतलाजवळ आणि दूरवर पसरलेले असते. तेव्हा "१५ टक्के स्फटिकी" याचा अर्थ आतील भागाच्या पृष्ठथरातील, सूक्ष्म, उष्ण कणांपैकी १५ टक्के इतकाच होतो. हे विशेषण गाळले की विधान चुकीचे ठरते, आणि बातम्यांत ते नेमके गाळलेले असते.

आता कोणी म्हणेल की मोठ्या कणांसाठी अल्मा ही मिलिमीटर तरंगलांबीला पाहणारी दुर्बिणमाला आहे. अल्माने २०१४ मध्ये एचएल टाउरी या ताऱ्याच्या चकतीतील कडी दाखवली आणि हे क्षेत्रच बदलले, हे निर्विवाद आहे. तथापि मिलिमीटर तरंगलांबीला खनिजांची शिखरे नाहीत. तेथे घटक मोजले जात नाहीत, ते गृहीत धरले जातात. डीशार्प या प्रकल्पात वीस चकत्यांची निरीक्षणे झाली. त्यासाठी वापरलेल्या धुळीच्या मिश्रणात वजनाने सुमारे २० टक्के पाण्याचे बर्फ, ३३ टक्के सिलिकेट, ७ टक्के ट्रॉइलाइट (लोहाचे सल्फाइड) आणि ४० टक्के उष्णतेला टिकणारे सेंद्रिय पदार्थ धरले आहेत. हे आकडे मनाला आले तसे लिहिलेले नाहीत, त्यांच्यामागे विचार आहे; पण ते त्या चकत्यांत मोजलेलेही नाहीत. कार्बनी पदार्थ कोणत्या प्रकारचा मानला यावर मिश्रणाची अपारदर्शकता दहापटीपर्यंत बदलू शकते, आणि तिच्यावरून काढलेले धुळीचे वस्तुमानही त्याच प्रमाणात बदलते. "या चकतीत पृथ्वीच्या इतक्या पट धूळ आहे" हे वाक्य वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

अर्धविराम

वाचनखूण साठवली आहे. दशांश यांच्या प्रतिसादानंतर मागच्या दहा वर्षांत वाचलेल्या सगळ्या बातम्या पुन्हा वाचाव्या लागणार आहेत.

वर्णपट

@दशांश, तुमच्या मुद्द्यांशी सहमत आहे, मात्र निष्कर्ष जरा जास्त कठोर वाटतो. सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून फार लवकर मोठे होतात. तरीही लाखो वर्षे वयाच्या चकत्यांत १० मायक्रॉनचे शिखर दिसते, याचाच अर्थ सूक्ष्म कणांचा पुरवठा चालू आहे, आणि तो मोठ्या कणांच्या टकरींतून होणाऱ्या तुकड्यांचा असणार. प्रक्षोभामुळे ते तुकडे वर उचलले जातात. म्हणजे पृष्ठथर हा मध्यप्रतलापासून तुटलेला, परका थर नाही. खाली जे आहे त्याचाच चुरा वर येतो. नमुना एकांगी आहे हे मान्य, पण तो निरर्थक नाही.

दशांश

वरखाली मिसळण होते हे मान्य आहे. पण वर आलेला कण ताऱ्याच्या प्रारणाला सामोरा जातो. क्ष-किरण आणि वेगवान आयन स्फटिकाची रचना मोडू शकतात, तर एखाद्या उद्रेकाच्या उष्णतेने अस्फटिकी कणाचा स्फटिक होऊ शकतो. वर पोहोचलेला चुरा खाली होता तसाच राहिला आहे, ही खात्री आपण कशावरून द्यायची?

सांजवेळ

उद्रेकाचा विषय निघालाच आहे तर ईएक्स ल्युपी या ताऱ्याची हकिगत येथे सांगायलाच हवी, कारण स्फटिक तयार होतानाचा पुरावा क्वचितच असा हाती लागतो. हा तरुण तारा अधूनमधून एकाएकी तेजस्वी होतो. स्पिट्झर दुर्बिणीने २००५ मध्ये त्याचा वर्णपट घेतला होता तेव्हा तो शांत होता आणि सिलिकेटचे शिखर नेहमीसारखे रुंद, अस्फटिकी होते. २००८ मध्ये त्याचा मोठा उद्रेक झाला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याच दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात फोर्स्टराइटची शिखरे आली होती. अस्फटिकी सिलिकेट साधारण १००० केल्व्हिनच्या आसपास तापले की वितळण्याआधीच त्यातील अणू नियमित मांडणीत बसतात, आणि येथे चकतीच्या आतील भागाच्या पृष्ठथरात तेच घडले असावे, असा अर्थ लावला गेला.

अर्थात याने एक कोडे सुटते आणि दुसरे उभे राहते. आतील उष्ण भागात स्फटिक असणे समजू शकते. २००४ मध्ये व्हीएलटी दुर्बिणींच्या व्यतिकरणमापनाने (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जुळवून बारीक तपशील पाहण्याच्या पद्धतीने) तीन तरुण ताऱ्यांच्या आतील दोन खगोलीय एककांचा प्रकाश वेगळा काढण्यात आला, तेव्हा तेथील धूळ बाहेरच्या धुळीपेक्षा बरीच जास्त स्फटिकी निघाली. ते अपेक्षेला धरून होते. पण मग हेल-बॉप धूमकेतूत फोर्स्टराइट कसे? धूमकेतू तर बर्फ गोठलेल्या थंड प्रदेशात जन्मतात. आयएसओ या अवरक्त उपग्रहाने घेतलेला हेल-बॉपचा वर्णपट आणि एचडी १००५४६ या ताऱ्याच्या चकतीचा वर्णपट शेजारी ठेवले तर दोन्ही एकाच वस्तूचे वाटावेत इतके सारखे आहेत. स्पिट्झरच्या पाहणीत तर अनेक चकत्यांमध्ये थंड धुळीतील स्फटिकांची, म्हणजे २० मायक्रॉनच्या पुढच्या शिखरांची, चिन्हे उष्ण धुळीतील स्फटिकांपेक्षा अधिक वेळा दिसली.

यावर तीन मते आहेत: आत तयार झालेले स्फटिक चकतीतील मिसळणीमुळे बाहेर वाहून गेले, ताऱ्याजवळच्या वाऱ्याने ते उचलून बाहेर फेकले, किंवा बाहेरच आघाततरंगांनी धूळ क्षणभर तापली. मला पहिले अधिक पटते.

गारगोटी

@सांजवेळ, पहिल्या मताच्या बाजूने हातात धरता येईल असा पुरावा आहे. स्टारडस्ट यान २ जानेवारी २००४ रोजी विल्ट-२ या धूमकेतूजवळून गेले, त्याची धूळ एरोजेल या अत्यंत हलक्या, सच्छिद्र पदार्थात पकडली गेली आणि जानेवारी २००६ मध्ये ती पृथ्वीवर आली. तिच्यात मॅग्नेशियमयुक्त ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन यांचे स्फटिक होते, अशनींतील कॉन्ड्रूल या गोलसर थेंबांसारखे वितळून गोठलेले तुकडे होते, आणि कॅल्शियम-ॲल्युमिनियमयुक्त अंतर्भुक्ताचे (खडकात अडकलेल्या वेगळ्या तुकड्याचे) कणही होते. असे अंतर्भुक्त अशनींत सापडतात, सूर्याजवळच्या १३०० केल्व्हिनहून अधिक तापमानाच्या वायूतून ते घनरूप झाले आणि ४५६.७ कोटी वर्षे हे त्यांचे वय आपण सूर्यमालेचे वय मानतो. असा पदार्थ धूमकेतूत सापडला याचा सरळ अर्थ असा की तो आतून बाहेर नेपच्यूनपलीकडच्या थंड प्रदेशापर्यंत वाहून गेला. दूरच्या एखाद्या ताऱ्याच्या वर्णपटावरून हा निष्कर्ष काढता आला नसता. हाती आलेल्या कणांनीच तो काढू दिला.

जाता जाता एक इशारा द्यावासा वाटतो. अशनी म्हणजे मूळ धूळ जशीच्या तशी, असे समजू नये. हायाबुसा-२ यानाने डिसेंबर २०२० मध्ये र्‍यूगू या लघुग्रहाचे सुमारे ५.४ ग्रॅम नमुने आणले. रासायनिक प्रमाणांच्या दृष्टीने ते सूर्याच्या फार जवळचे आहेत, पण त्यांतील खनिजे मुख्यतः मूळ खडकात पाणी खेळल्यामुळे बनलेली, चिकणमातीच्या वर्गातील आहेत. मूलद्रव्यांचे प्रमाण टिकले, खनिजे बदलली. चकतीतल्या धुळीशी तुलना करताना यांतील काय कशाशी ताडून पाहतो आहोत, हे आधी ठरवावे लागते.

अर्धविराम

किंचित अवांतर विचारतो. हे सगळे लाखो वर्षांच्या मापाचे आहे, असे माझ्या डोक्यात होते. ईएक्स ल्युपीसारखे बदल काही महिन्यांत होत असतील, तर एखाद्या चकतीचा एकदा घेतलेला वर्णपट कितपत ग्राह्य धरायचा?

सांजवेळ

@अर्धविराम, याहून टोकाचे उदाहरण आहे. टीवायसी ८२४१ २६५२ नावाच्या, साधारण एक कोटी वर्षे वयाच्या ताऱ्याभोवती भरपूर उष्ण धूळ होती. दोन वर्षांहून कमी काळात तिचा अवरक्त प्रकाश सुमारे तीसपटीने घटला. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि धूळ गेली कोठे, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप नाही.

तिरकस

धूळ झटकणे इतक्या गांभीर्याने घेणारा तारा मी प्रथमच ऐकला.

दशांश

विनोद चांगला आहे, पण एक भेद करायला हवा. टीवायसी ८२४१ किंवा बीटा पिक्टोरिस यांच्या चकत्या वायूने भरलेल्या ग्रहनिर्मितीच्या चकत्या नाहीत. त्या अवशेषी चकत्या आहेत: मूळ वायू जवळजवळ निघून गेला आहे आणि दिसणारी धूळ घडून झालेल्या पिंडांच्या टकरींतून आलेली आहे. तिचे घटक त्या पिंडांविषयी सांगतात. ग्रह कशापासून घडले, याविषयी फक्त आडवळणाने. वर ६९ मायक्रॉनच्या संदर्भात दोन्ही प्रकारच्या चकत्या एका दमात आल्या आहेत, त्या वेगळ्या ठेवाव्यात.

रसायनी

चर्चा सिलिकेटांभोवतीच फिरते आहे, म्हणून कार्बनचा विषय काढतो. धागालेखकांच्या तिसऱ्या शंकेचे उत्तर माझ्या मते तेथे अधिक लख्ख मिळते.

आंतरतारकीय अवकाशात उपलब्ध कार्बनपैकी साधारण निम्मा भाग घन कणांत असतो. रोझेटा यानाने ६७पी धूमकेतूच्या धुळीचे जे विश्लेषण केले, त्यात वजनाने सुमारे ४५ टक्के सेंद्रिय पदार्थ आणि ५५ टक्के खनिजे निघाली. सर्वांत आदिम समजल्या जाणाऱ्या कार्बनी कॉन्ड्राइट या अशनींत कार्बन ३ ते ४ टक्क्यांवर येतो. आणि पृथ्वी? सिलिकॉनच्या तुलनेत पाहिले तर तिच्यातील कार्बन आंतरतारकीय धुळीपेक्षा शेकडो ते हजारो पटींनी कमी आहे. म्हणजे धुळीतील कार्बनचा फार मोठा भाग ग्रह घडण्याआधी किंवा घडताना नष्ट झाला असला पाहिजे. चकतीत जेथे तापमान साधारण ५०० केल्व्हिन होते त्या रेषेच्या आत, ताऱ्याच्या बाजूला, सेंद्रिय घन पदार्थ टिकत नाहीत, वायुरूप होतात, आणि तो वायू पुन्हा घनरूप घेत नाही; पाणी गोठण्याची जशी हिमरेषा, तशी ही काजळीची रेषा. सिलिकेट कण या रेषेच्या आत आले तरी शाबूत राहतात, कार्बन राहत नाही. त्यामुळे एखाद्या चकतीच्या धुळीचे घटक अगदी अचूक कळले, तरी त्यापासून घडणारा ग्रह त्याच प्रमाणात घडेल असे म्हणता येत नाही.

जेम्स वेब दुर्बिणीने यात भर घातली आहे. सूर्याच्या एक-दशांशाच्या आसपास वस्तुमान असलेल्या काही ताऱ्यांच्या चकत्यांत आतील वायू हायड्रोकार्बनांनी भरलेला आढळला. ॲसिटिलीन आणि बेंझीन तेथे मुबलक आहेत. २०२४ मध्ये आयएसओ-सीएचए-आय १४७ या ताऱ्याच्या चकतीत तेरा कार्बनी रेणू ओळखले गेले. हा कार्बन जळत्या काजळीतून वायूत आला, असे एक स्पष्टीकरण आहे.

वर्णपट

@रसायनी, 'जळत्या' या शब्दाला हरकत नाही, पण त्या स्पष्टीकरणाला प्रतिस्पर्धी आहे. कमी वस्तुमानाच्या ताऱ्यांच्या चकत्यांत बर्फाळ खडे फार वेगाने आत सरकतात. त्यांच्यातील पाणी आधी येऊन ताऱ्यात पडून जाते आणि मागून बाहेरचा कार्बनयुक्त वायू आत येतो. असे झाले असेल तर त्या हायड्रोकार्बनांचा काजळीशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. त्यामुळे वायूवरून घन धुळीचे घटक सांगणे अजून घाईचे ठरेल. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या चकत्यांत पाण्याची वाफ सर्रास दिसते आणि असे कार्बनी प्राबल्य सहसा दिसत नाही, हेही लक्षात घ्यावे.

दशांश

खडे आत सरकण्याचा हा मुद्दा तिसऱ्या शंकेलाही थेट लागू पडतो. वायू ताऱ्याभोवती थोडा मंद फिरतो, त्याच्या विरोधामुळे खड्यांची गती कमी होते आणि ते आत घसरतात. म्हणजे आज ज्या जागी जी धूळ दिसते ती तेथे राहणारच नाही. आपल्या सूर्यमालेतील अशनींचे समस्थानिकांवरून दोन वेगळे गट पडतात, कार्बनी आणि अकार्बनी, आणि त्यांच्यात मिसळण फारच कमी झालेली दिसते. गुरूचा गाभा पहिल्या दहा लाख वर्षांतच इतका वाढला की बाहेरचे खडे आत येणे अडले, असे एक प्रबळ मत आहे. ते खरे असेल तर पृथ्वी कशाची बनली हे ठरवण्यात तिच्या जागच्या धुळीइतकाच गुरूचाही हात आहे. दुसऱ्या एखाद्या चकतीत असा अडथळा आहे की नाही, हे तिच्या १० मायक्रॉनच्या शिखरावरून कळत नाही.

कुतूहल_कायम

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या दुसऱ्या शंकेचे उत्तर बहुतांशी मिळाले आहे. आता त्याच शंकेचा उलटा प्रश्न विचारतो. शिखरे फक्त सूक्ष्म, उष्ण कणांची दिसतात, आणि मिलिमीटर कणांचे घटक गृहीत धरावे लागतात. मग संपूर्ण धुळीचे घटक, आकाराचा आणि शिखरांचा प्रश्न न येता, मोजण्याची एखादी पद्धत आहे का?

निळा_तारा

आहे, आणि ती मला या क्षेत्रातील सर्वांत कल्पक युक्ती वाटते. चकतीतील पदार्थ शेवटी ताऱ्यावर पडतो. सूर्यासारख्या ताऱ्याचे बाहेरचे थर सतत ढवळले जातात, त्यामुळे पडलेला पदार्थ त्यात हरवून जातो. पण सूर्याच्या दीडपट किंवा त्याहून अधिक वस्तुमानाच्या तरुण ताऱ्यांचे बाहेरचे थर जवळजवळ ढवळले जात नाहीत. तेथे पडलेला पदार्थ काही काळ पृष्ठभागावरच राहतो, आणि ताऱ्याच्या दृश्य वर्णपटात लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक, कार्बन, ऑक्सिजन यांच्या रेषा मोजता येतात. कण मायक्रॉनचा होता की सेंटिमीटरचा, याने काहीच फरक पडत नाही, कारण तो आता अणूंच्या रूपात आहे.

ज्या चकत्यांत मोठी पोकळी आहे, म्हणजे बहुधा महाकाय ग्रहाने धूळ बाहेरच अडवली आहे, त्यांच्या ताऱ्यांवर लोह, मॅग्नेशियम आणि सिलिकॉन कमी आढळतात, तर कार्बन आणि ऑक्सिजन नेहमीसारखे असतात. वायू पोहोचला, धूळ पोहोचली नाही. आता एखादे मूलद्रव्य लोहाच्या बरोबरीने घटले असेल तर ते धुळीत होते, आणि घटले नसेल तर वायूत. गंधकाला ही कसोटी लावली तेव्हा २०१९ मध्ये उत्तर आले की चकत्यांतील गंधकापैकी सुमारे ९० टक्के घन, उष्णतेला टिकणाऱ्या पदार्थांत अडकलेला आहे. लोहाचे सल्फाइड हा त्यातील स्वाभाविक उमेदवार आहे.

गारगोटी

हे वाचून आनंद झाला, कारण माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचा एक धागा येथे जुळतो. वर्णपटात न दिसणारे निदान काही लोह सल्फाइडात बसले असावे. अशनींतही ट्रॉइलाइट सर्रास असते. अर्थात गंधक लोहाच्या निम्म्याहून कमी आहे, त्यामुळे सगळे लोह तेथे मावणार नाही. उरलेले धातुरूपात किंवा अस्फटिकी सिलिकेटांतच शोधावे लागेल.

दशांश

निळा_तारा यांची पद्धत मलाही आवडते. तिची मर्यादा अशी की ती मूलद्रव्ये सांगते, खनिजे सांगत नाही, आणि ती फक्त वजनदार ताऱ्यांना लागू पडते. पृथ्वीसारख्या ग्रहांविषयीच्या बातम्या मात्र सूर्यासारख्या ताऱ्यांच्या चकत्यांवरून येतात.

सांजवेळ

सूर्यासारख्या ताऱ्यांचा विषय असेल तर होप्स-३१५ या आदिताऱ्याचा उल्लेख राहून जाऊ नये. तो सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर आहे आणि अजून स्वतःच्या वायूच्या वेष्टनात आहे. जेम्स वेब आणि अल्मा यांच्या निरीक्षणांवरून जुलै २०२५ मध्ये असे प्रसिद्ध झाले की त्याच्या चकतीत ताऱ्यापासून २.२ खगोलीय एककांच्या आत सिलिकॉन मोनॉक्साइडचा उष्ण वायू आणि स्फटिकी सिलिकेट एकत्र आहेत. ताऱ्यातून निघणाऱ्या झोतातही सिलिकॉन मोनॉक्साइड असतो, पण हा साठा त्या झोतापासून वेगळा असल्याचे दाखवले गेले. आंतरतारकीय धूळ आधी वाफ झाली आणि आता त्या वाफेतून पहिली खनिजे पुन्हा घनरूप घेत आहेत, असा त्याचा अर्थ लावला आहे. गारगोटी यांनी सांगितलेल्या अंतर्भुक्तांच्या जन्माचीच ही अवस्था असावी.

गारगोटी

@सांजवेळ, एक नेमका प्रश्न. त्यात प्रत्यक्ष कोरंडम, हिबोनाइट, मेलिलाइट यांची शिखरे दिसली आहेत का? अंतर्भुक्तांची खरी ओळख ती खनिजे आहेत. फोर्स्टराइट तर नंतर, थोड्या कमी तापमानालाही बनते.

वर्णपट

@गारगोटी, थेट दिसलेला भाग सिलिकॉन मोनॉक्साइड आणि स्फटिकी सिलिकेट एवढाच आहे. कॅल्शियम-ॲल्युमिनियमयुक्त खनिजे घनीभवनाच्या प्रतिमानांशी तुलना करून येतात. ती खनिजे विपुल नसतातच, कारण सौर प्रमाणात ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम हे दोन्ही सिलिकॉनच्या दहाव्या हिश्शाहून कमी आहेत. त्यांची शिखरे सिलिकेटांच्या उंचवट्याजवळच येतात आणि त्यात बुडून जातात.

उपकरणाची मर्यादाही आहे. जेम्स वेबवरील मध्य-अवरक्त उपकरण साधारण २८ मायक्रॉनपर्यंतच पाहते. स्पिट्झरला ३८ मायक्रॉनपर्यंत दिसत असे, त्यामुळे ३३.५ मायक्रॉनचे शिखर मिळत असे. त्याचे शीतक मे २००९ मध्ये संपले. ६९ मायक्रॉनच्या शिखरासाठी हर्शेल होती, तिचे हीलियम एप्रिल २०१३ मध्ये संपले. त्यामुळे होप्स-३१५ च्या ऑलिव्हीनमध्ये लोह किती, हा तुमचा पहिला प्रश्न ६९ मायक्रॉनच्या कसोटीवर आज कोणत्याही चालू दुर्बिणीला विचारता येत नाही.

गारगोटी

मग तोवर मी विल्ट-२ च्या कणांवर समाधान मानतो. त्यांतील लोह निदान इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मोजता येते.